'अंतर' आणि 'वेळ' : चिकलठाणा-मुंबई विमानमार्गाच्या निमित्ताने

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने विमानाच्या वेळापत्रकावर लेखणी उचलावी, यात काहीसा अधिकारातिक्रम होत आहे असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष गेले ते एका विभक्तिप्रत्ययामुळे. काही महिन्यांपूर्वी एका विमानतळावर मुंबईच्या विमानाची प्रतीक्षा करीत असता ध्वनिक्षेपकावरून मराठीत घोषणा झाली, की विमान 'एका तासात सुटेल'. शेजारच्या आसनावर आपल्या मुलासह एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांना जेवणानंतरची गोळी घ्यावयाची होती. परंतु घोषणा ऐकल्यावर त्या जागा सोडून खाण्याच्या दालनाकडे जाण्यास तयार होईनात. मुलगा म्हणाला, "आई, अजून तास आहे, तासानं सुटणार असं म्हणायचंय त्यांना." त्यावर बाईंचे उत्तर असे होते : "मग तासानं म्हणायचं की! तासात म्हणजे आत्तापण सुटंल." विमान त्यानंतर सव्वा तासाने सुटले. बाई तोपर्यंत उपाशी बसून राहिल्या.

व्याकरणाच्या दृष्टीने बाईंचे म्हणणे निर्दोष होते, आणि घोषणा सदोष होती. हा दोष केवळ एका प्रत्ययाचा आहे असे मानून सोडून देता आले असते. परंतु अधिक विचार करता असे दिसून आले, की विमानप्रवासासंबंधी आपण नित्य जी विधाने करतो, म्हणजे 'मुंबई एका तासावर आली', 'विमानाने तासात मुंबई', 'विमानाला तास लागतो' अशांसारखी, त्या सर्वांच्या बुडाशी हाच घोटाळा कमीअधिक प्रमाणात आहे. तो उकलावयाचा तर प्रथम त्या 'तासा'त प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले पाहिजे.

चिकलठाणा विमानतळ सुमारे १९.८६ उत्तर अक्षांश व ७५.४० पूर्व रेखांश या ठिकाणी आहे. मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरी परिसरातील जुना विमानतळ १९.०९ उत्तर व ७२.८७ पूर्व येथे. पृथ्वी गोल मानून या दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट, म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस, काढला तर तो सुमारे २७९ किलोमीटर भरतो. 'सरळ रेषा' हा शब्द येथे आपण सैलपणे वापरतो. खरी सरळ रेषा जमिनीतून जाईल, आणि मार्गाच्या मध्यावर ती भूपृष्ठाखाली सुमारे दीड किलोमीटर खोल असेल. इतके असूनही तिची लांबी कंसापेक्षा अवघ्या वीसबावीस मीटरांनीच कमी भरते. एवढ्या लहान मार्गावर पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब न ठेवला तरी चालते, असा याचा व्यावहारिक अर्थ.

हा कंस नकाशावर आखून पाहणे मात्र उद्बोधक आहे. तो चिकलठाण्याहून पश्चिमेस किंचित दक्षिणेकडे झुकत निघतो, गंगापूरच्या बाजूने जाऊन पुणतांबे व कायगाव यांच्या दरम्यान गोदावरी ओलांडतो, श्रीरामपूरवरून व संगमनेरच्या दक्षिणेने पुढे सरकून हरिश्चंद्रगडाच्या जवळ सह्याद्रीचा कडा उतरतो, आणि मुरबाडवरून मुंबईत येतो. दर बारा कोसांवर भाषा बदलते, या लोकोक्तीचा हिशेब लावून पाहिल्यास, कोस दोन मैलांचा धरता, हा मार्ग सुमारे सत्त्याऐंशी कोसांचा होतो. म्हणजे विमानातील प्रवाशाच्या पायाखालून भाषा सात वेळा बदलून जाते, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बोलींच्या अभ्यासकाने विमानाने प्रवास करू नये तो यासाठीच.

लोहमार्गाचे अंतर याहून पुष्कळ अधिक, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर आहे. कारण गाडी आधी वायव्येस मनमाडला जाते आणि तेथून नाशिक, इगतपुरी व थळघाट या मार्गाने खाली उतरते. रस्त्याने, पत्करलेल्या वाटेनुसार, सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होतात. लोहमार्गाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९०० च्या सुमारास झालेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटर गेजचा होता, आणि १९९० च्या दशकात तो रुंद होईपर्यंत मराठवाड्यातून मुंबईस जाणाऱ्यास मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. मार्ग रुंद झाल्याने अंतर जवळपास तेवढेच राहिले. वेळ मात्र कमी झाला, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मनमाडच्या फलाटावरील रात्र प्रवासातून वजा झाली. आमच्या पिढीच्या बोलण्यात 'मनमाडला गाडी बदलणे' हा जवळजवळ वाक्प्रचारच होऊन बसला होता. अंतर कायम असता वेळ बदलतो, आणि तो बदलतो मुख्यतः थांबण्यामुळे, हा मुद्दा पुढे विमानाच्या बाबतीतही कामी येणार आहे.

आता वेळ. जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशी सुमारे साडेसातशे ते साडेआठशे किलोमीटर असतो. त्या वेगाने २७९ किलोमीटर कापावयास वीस-बावीस मिनिटे पुरतात. परंतु वेळापत्रकात या मार्गासाठी साधारणतः एक तास ते सव्वा तास एवढा अवधी दाखविलेला असतो. उरलेली पन्नास मिनिटे कोठे जातात?

प्रथम हे सांगितले पाहिजे, की वेळापत्रकातील अवधी हा उड्डाणाचा अवधी नसतोच. विमान जागेवर उभे असताना त्याच्या चाकांपुढे ठोकळे लावतात. ते काढल्याच्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावले जाईपर्यंतचा हा काळ आहे. विमान-व्यवसायात याला 'ब्लॉक टाइम' असे नाव आहे. आपण त्यास 'ठोकळा-काळ' म्हणावयास हरकत नाही. यात विमान मागे ढकलणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, परवानगीसाठी थांबणे, चढणे, उतरणे, उतरताना रांगेत लागणे, आणि शेवटी पुन्हा जमिनीवरून फिरत जागेवर येणे हे सर्व येते. मुंबईच्या या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, परंतु त्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे सामान्यतः एका वेळी एकच वापरात असते. आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या अशा विमानतळांत त्याची गणना होते. येणाऱ्या विमानास घिरट्या घालीत आकाशात थांबावे लागले, तर ती घिरट्यांची मिनिटेही याच तासात जमा होतात.

वाऱ्याचा परिणाम काय होतो, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. हिवाळ्यात वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणजे मुंबईस जाताना ते समोरून येतात. वाऱ्याचा वेग ताशी पन्नास व विमानाचा साडेसातशे किलोमीटर धरला, तर जाताना २७९ किलोमीटरांस चोवीस मिनिटे आणि येताना एकवीस मिनिटे लागतील. फरक तीन मिनिटांचा. त्यापेक्षा जमिनीलगतच्या वाऱ्याची दिशा अधिक महत्त्वाची ठरते. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते व उतरते. चिकलठाण्याची धावपट्टी आणि मुंबईची मुख्य धावपट्टी या दोन्ही पूर्व-पश्चिम आहेत. वारा पश्चिमेचा असेल तर विमान चिकलठाण्याहून मुंबईच्याच दिशेने उडते आणि मुंबईत पूर्वेकडून सरळ येऊन टेकते. उलट वारा पूर्वेचा असेल तर येथे मुंबईकडे पाठ करून उडावयाचे, मग वळावयाचे, आणि तेथे धावपट्टी ओलांडून समुद्रावर जाऊन परत वळून उतरावयाचे. नकाशावरील २७९ किलोमीटर जेथल्या तेथेच राहतात. आकाशातील वाट मात्र वाऱ्याप्रमाणे लांबते वा आखडते.

हा स्थिर भाग किती मोठा आहे हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. चिकलठाण्याहून दिल्ली सरळ मापाने सुमारे ९८२ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट दूर. वेळापत्रकातील अवधी मात्र दोन तासांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या दुपटीहूनही कमी. स्थूलमानाने मुंबईस ७० व दिल्लीस १२० मिनिटे धरू. अंतरातील फरक ७०३ किलोमीटरांचा व वेळेतील फरक ५० मिनिटांचा, म्हणजे जादा अंतर ताशी सुमारे ८४० किलोमीटर वेगाने कापले जाते. याच वेगाने मुंबईचे २७९ किलोमीटर कापावयास वीस मिनिटे लागतील. मग सत्तर मिनिटांपैकी उरलेली पन्नास मिनिटे अंतराची नव्हेत. दिल्लीस जा की मुंबईस, ती द्यावीच लागतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण विमाने नकाशावरील रेषेने जात नाहीत आणि दोन्ही मार्गांवरील विमाने एकाच जातीची असतील असेही नाही. तरीही जवळच्या दोन विमानतळांच्या बाबतीत 'प्रवासाचा वेळ' या शब्दांनी जे सांगितले जाते, त्यात प्रवासाचा वाटा लहान व थांबण्याचा मोठा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

त्याच्या पुढचा हिशेब वाचक स्वतःच करू शकतील. क्रांती चौकातून चिकलठाण्यास जावयाचे, सुटण्याच्या दीड-दोन तास आधी तेथे पोहोचावयाचे, उतरल्यावर सामानाची वाट पाहावयाची, आणि मग मुंबईच्या गर्दीतून इच्छित स्थळी जावयाचे. घरापासून दारापर्यंत हा प्रवास पाच तासांच्या खाली क्वचितच येतो. आगगाडीस सहा-सात तास लागतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारीचा प्रवासही याच मर्यादेत आला आहे. ज्याला मुंबईच्या रुग्णालयात ठरल्या वेळी पोहोचावयाचे आहे, किंवा मुलाखतीस हजर व्हावयाचे आहे, त्याने 'विमानाने तासात मुंबई' या वाक्यावर विसंबून घर सोडले, तर त्याची फसगत होईल. वाक्य खोटे नाही. ते कोणत्या तासाविषयी बोलते हे मात्र ते सांगत नाही.

येथून पुढे हा विषय निखालस भाषेचा होतो.

अंतर वेळेत मोजण्याची रीत विमानाने आणलेली नाही. ती भाषेच्या हाडीमांसी आहे. 'अंतर' हा शब्दच पाहावा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'आतील, मधला' असा. मराठीत दोन गावांत अंतर असते, दोन भावांच्या वयांत अंतर असते, आणि दोन मनांतही अंतर पडते. 'अंतर देणे' म्हणजे सोडून जाणे. 'अंतरणे' म्हणजे दुरावणे. स्थळ, काळ व स्नेह या तिन्हींतील फट दाखविण्यास एकच शब्द पुरतो, आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. अंतराची जुनी मापेही बहुधा क्रियांवरून घेतलेली आहेत. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' पासून आला, आणि 'क्रोश' म्हणजे ओरडणे, हाक. 'हाकेच्या अंतरावर' या आजच्या प्रयोगात तीच कल्पना नव्याने अवतरली आहे. 'योजन' हा शब्द जुंपणे या अर्थाच्या 'युज्' धातूवरून आला. एकदा जुंपलेली जनावरे सोडीपर्यंत जेवढी चालतील तेवढी वाट. 'मजल' हा अरबी 'मन्झिल', म्हणजे उतरण्याचे ठिकाण. त्यावरून एका दिवसाची चाल, आणि त्यावरून 'मजल दरमजल'. काळाच्या मापांची नावे उलट वस्तूंवरून आलेली दिसतात. 'घटका' हे नाव पाण्यात बुडणाऱ्या सच्छिद्र वाटीचे, तर फारसीतून आलेला 'तास' हा मुळात धातूच्या भांड्याचा वा थाळीचा वाचक.

आमच्या परिसरापुरते याचे ठळक उदाहरण चौदाव्या शतकातील आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली. इब्न बतूता या प्रवाशाने या दोन शहरांमधील अंतर दिले आहे ते कोसांत वा फरसखांत नव्हे. ते चाळीस दिवसांचे आहे असे तो सांगतो. ज्या माणसांना ती वाट तुडवावी लागली त्यांच्या दृष्टीने हेच खरे माप होते. आज त्याच दोन ठिकाणांमधील अंतर चिकलठाण्यावरून दोन तासांचे आहे असे आपण म्हणतो, आणि नकळत इब्न बतूताच्याच पद्धतीने बोलतो.

शास्त्रीय मापनाने तरी ही रीत सोडली असेल, असे कोणास वाटेल. मीटर हे माप अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ठरले ते पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश म्हणून. पुढे ते धातूच्या पट्टीवर कोरले गेले. परंतु १९८३ पासून त्याची व्याख्या अशी आहे, की प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढे म्हणजे एक मीटर. योजनात बैल होते, मजलीत माणूस होता, मीटरमध्ये प्रकाश आहे. वाहन बदलले; पद्धत तीच राहिली.

वाहन बदलण्यातच अर्थाची ग्यानबाची मेख आहे. 'मुंबई इथून दहा तासांवर आहे' हे वाक्य ऐकणारा मनात एक वाहन गृहीत धरतो. ते वाक्यात नसते. आपल्या व्याकरणपरंपरेच्या परिभाषेत ते अध्याहृत असते. सर्व समाज एकाच वाहनाने प्रवास करीत होता तोवर हा अध्याहार निर्वेध होता : मजल म्हटली की पायीची मजल. आज एकाच घरातील तिघे तीन वाहनांनी प्रवास करतात, आणि प्रत्येकाची मुंबई वेगळ्या तासांवर असते. म्हणूनच दिल्ली चिकलठाण्याहून दोन तासांवर, आणि सरळ मापाने केवळ सव्वादोनशे किलोमीटरांच्या आत असलेले नांदेड आगगाडीने त्याहून दूर, अशी विपरीत स्थिती उद्भवते. नांदेडासही विमानतळ आहे. परंतु दोन विमानतळांमधील अंतर हे विमान असेल तरच विमानाचे अंतर होते. एरवी हैदराबाद किंवा मुंबईला वळसा घालून जावे लागते, आणि तेव्हा नकाशावरील २१५ किलोमीटरांना काहीही अर्थ उरत नाही.

आता प्रत्ययांकडे वळू. मराठीत कालवाचक नामास निरनिराळे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागून जे अर्थ होतात, त्यांपैकी चार येथे प्रस्तुत आहेत :

(१) विमान तासभर उडत होते.
(२) विमान एका तासात मुंबईला पोहोचते.
(३) विमान एका तासाने सुटेल.
(४) मुंबई इथून तासावर आहे.

पहिल्या वाक्यात क्रियेस शेवट नाही. ती तेवढा वेळ चालू होती एवढेच कळते. दुसऱ्यात क्रियेस शेवट आहे, आणि आरंभापासून शेवटापर्यंतचा सर्व काळ त्या तासाच्या आत मावतो. तिसऱ्यात तास क्रियेने व्यापलेला नाहीच. तो क्रियेच्या आधीचा रिकामा काळ आहे. चौथ्यात क्रियाच नाही, केवळ स्थिती आहे. हेच '-वर' काळालाही लागते ('परीक्षा आठ दिवसांवर आली'), आणि तेथेही मध्ये पसरलेली रिकामी जागाच सांगितली जाते. पहिल्या दोहोंतील भेद झीनो व्हेंडलर याने १९५७ मध्ये क्रियापदांच्या वर्गीकरणासाठी कसोटी म्हणून वापरला, आणि तो आज सर्वत्र शिकविला जातो. 'विमान एका तासात उडत होते' हे वाक्य मराठीत उभे राहत नाही, ते त्याच कारणाने.

परंतु या कसोटीसाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील पाचवे, सहावे व सातवे सूत्र नेमके याच विषयावर आहे. आणि विशेष हे, की पाणिनी तेथे काळ व मार्ग या दोहोंचा विचार एकत्रच करतो. काळ वा मार्ग क्रियेने अखंड व्यापलेला असेल तर द्वितीया. क्रिया फलप्राप्तीपर्यंत जाऊन पूर्ण झाली असेल तर तृतीया. आणि काळ वा मार्ग हा दोन कारकशक्तींच्या मध्ये पडलेले अंतर असेल तर सप्तमी किंवा पंचमी. वरील पहिली तीन मराठी वाक्ये क्रमाने या तीन सूत्रांशेजारी ठेवावीत. अर्थाचे विभाग तंतोतंत जुळतात. प्रत्यय मात्र उलटे पडले आहेत : क्रिया पूर्ण होण्यास लागलेला काळ संस्कृतात तृतीयेने सांगितला जाई, तो मराठीत सप्तमीच्या '-त'ने सांगितला जातो, आणि मधे पडलेले अंतर तेथे सप्तमीने सांगता येई, ते मराठीत तृतीयेच्या '-ने'कडे आले. ही अदलाबदल कोणत्या टप्प्यावर घडली, याचा शोध प्राकृत-अपभ्रंशाच्या अभ्यासकांनी घेण्यासारखा आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच, की भेद स्वतः अडीच हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे. ज्या बाई गोळी न घेता बसून राहिल्या, त्यांनी व्याकरण वाचलेले नसेल. तरी या भेदाची त्यांची जाणीव घोषणा लिहिणाराहून निश्चितच तीक्ष्ण होती.

घोषणा लिहिणाराचे चुकले कसे, हेही सांगता येते. इंग्रजीतील 'इन्' हे अव्यय दोन्ही अर्थांनी चालते. 'इन् ॲन अवर' पोहोचणे म्हणजे तासाच्या आत प्रवास पुरा करणे. आणि 'इन् ॲन अवर' सुटणे म्हणजे तास लोटल्यावर सुटणे. क्रियापदाच्या जातीवरून इंग्रज श्रोता कोणता अर्थ घ्यावयाचा ते ठरवितो. मराठीने हे काम क्रियापदावर न सोडता प्रत्ययाकडे सोपविले आहे. म्हणून 'इन्' म्हणजे '-त' असे एकास एक समीकरण बांधून भाषांतर केले, की विमान 'एका तासात सुटेल' असे वाक्य तयार होते. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. अशुद्ध वाक्य ऐकणारा निदान सावध होतो. हे वाक्य शुद्ध आहे, आणि भलतीच गोष्ट सांगते. उशिराची घोषणा करताना 'तासाने', 'तासाभराने' किंवा 'आणखी एका तासानंतर' यांपैकी काहीही चालेल. सर्वांत उत्तम म्हणजे घड्याळातील वेळ सांगणे, कारण तेथे कोणताही अध्याहार उरत नाही.

वेळापत्रकातील 'तास' आणि घोषणेतील 'तास' यांचे नाते आता उघड आहे. वेळापत्रकाचा तास हा '-त'चा आहे : ठोकळा काढल्यापासून ठोकळा लावीपर्यंत क्रियेने व्यापलेला, शेवटास नेणारा. प्रवाशाचा तास पुष्कळदा '-ने'चा असतो : क्रियेच्या आधी पसरलेला, रिकामा. विमान-कंपनी पहिला मोजते व छापते. दुसऱ्याचा हिशेब प्रवाशाने ठेवावयाचा. जाहिरातीतील 'तासावर मुंबई' या प्रयोगात पहिल्या तासास '-वर' जोडून तो स्थळाचा गुणधर्म असल्याचा भास उत्पन्न केला जातो, जणू मुंबईच सरकून अलीकडे आली.

या विवेचनात मराठवाड्याच्या बोलीचा एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो. येथील बोलण्यात 'तास' ऐवजी 'घंटा' सर्रास चालतो : 'दोन घंटे लागतात', 'घंट्यानं ये'. ज्या हिंदी व दखनी उर्दूच्या सहवासात ही बोली वाढली, तेथे 'घंटे में' आणि 'घंटे बाद' अशी जोडी आहे, आणि 'में' चे क्षेत्र सरळ '-त'शी जुळते असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु शहरातील तरुण वक्त्यांच्या तोंडी 'घंट्यात सुटेल' हा प्रयोग 'घंट्यानं' या अर्थाने रुळू लागला आहे की काय, आणि असल्यास तो इंग्रजी घोषणांच्या संस्काराने की अन्य कारणाने, हे निरीक्षणाने ठरविले पाहिजे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी घरी करून पाहण्यासारखी चाचणी साधी आहे : 'बस घंट्यात सुटेल' असे वाक्य सांगून, आता चहा घेण्यास जावे की न जावे, एवढेच ऐकणाऱ्यास विचारावे. त्याचे वय, गाव व शिक्षण यांची नोंद ठेवावी, आणि साठीच्या पुढील स्त्रियांची उत्तरे वेगळी मांडावीत.